लिमिट पोकरमधील बेटिंगच्या रचनांची तुलना कशी करावी

पोकरचे मूळ नियम वाचकास येतात, असे मी गृहीत धरतो. बसण्यापूर्वी रचना कोणती आहे ते विचारावे: फिक्स्ड लिमिटमध्ये प्रत्येक फेरीची बेट ठरलेली असते, स्प्रेड लिमिटमध्ये किमान आणि कमाल यांच्या दरम्यान कितीही लावता येते, तर पॉट लिमिटमध्ये कमाल बेट पॉटएवढी असते. एका फेरीत किती रेझ चालतात, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

खरी गुंतागुंत यापुढे आहे आणि मलाही येथेच सर्वाधिक वेळ लागला. फिक्स्ड लिमिटच्या खेळाला बेटच्या आकड्यांवरून नाव असते: १०-२० म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत १० ची लहान बेट आणि नंतरच्या दोन फेऱ्यांत २० ची मोठी बेट. १५-३० हा १०-२० चाच दीडपट मोठा खेळ आहे, असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला मुळीच मानू नये. नावातले आकडे फक्त बेटचा आकार सांगतात. पहिल्या फेरीत कसे खेळावे, हे बेटच्या तुलनेत सक्तीची रक्कम किती आहे यावर ठरते, म्हणून ब्लाइंडांची, म्हणजे पत्ते पाहण्यापूर्वी दोन खेळाडूंना सक्तीने भराव्या लागणाऱ्या रकमांची, बेरीज लहान बेटने भागावी. १०-२० मध्ये ब्लाइंड सहसा ५ आणि १० असतात, म्हणजे भागाकार १.५ येतो, १५-३० मध्ये ते १० आणि १५ असल्यास १.६७ येतो.

फरक किरकोळ वाटेल, पण स्मॉल ब्लाइंडच्या जागेवर बसून पाहा. बिग ब्लाइंडखेरीज सर्वांनी फोल्ड केले असता, १०-२० मध्ये १५ च्या पॉटसाठी आणखी ५ भरावे लागतात, म्हणजे भाव (पॉट आणि भरायची रक्कम यांचे प्रमाण) ३ ला १ मिळतो. १५-३० मध्ये त्याच ५ मध्ये २५ चा पॉट समोर असतो, म्हणजे भाव ५ ला १ होतो. पहिल्या टेबलावर सोडून द्यावेत असे काही पत्ते दुसऱ्या टेबलावर खेळण्याजोगे ठरतात.

हीच तपासणी टर्नवर, म्हणजे चौथा सामाईक पत्ता उघडल्यावर, पुन्हा करावी. फ्लशला एक पत्ता कमी असेल, तर न पाहिलेल्या ४६ पत्त्यांपैकी ९ उपयोगी असतात, म्हणून किमान ४.१ ला १ भाव हवा. पॉट १०० चा असताना १०-२० मध्ये २० ची बेट आली, तर ६ ला १ मिळतो आणि कॉल निःशंक योग्य ठरतो. पॉट लिमिटमध्ये १०० ची बेट आली, तर जेमतेम २ ला १ मिळतो. रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पत्त्यावर, मोठी रक्कम वसूल होण्याची शक्यता नसेल, तर तेथे फोल्डच करावे.

पॉट लिमिटमधील कमाल रेझ काढणे सोपे आहे: समोरची बेट तिप्पट करून तिच्यात आधीचा पॉट मिळवावा. १०० च्या पॉटवर ४० ची बेट आली, तर एकूण २२० लावता येतात.

स्प्रेड लिमिटमध्ये मात्र छापील कमाल आकडा हिशेबात धरू नये. काही डाव नुसते पाहून खेळाडू प्रत्यक्षात किती लावतात ते टिपावे आणि वरचे भागाकार त्याच आकड्याने करावेत.