बदकाचा नर पिसाळल्यासारखा करायलाय? या चुका टाळा

संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात ना, बदकाचा नर बिघडतो तोही तिथूनच. फेब्रुवारी-मार्च आला की काही घरी अंगणात पाय टाकायची सोय राहत नाही, चप्पल धरतो, पदर ओढतो, दुसऱ्या नराची मान चोचीत पकडून फरफटत नेतो, आणि लोकायला वाटतं उन्हानं डोकं फिरलं. ऊन नाही, उजेड. आपल्या मराठवाड्यात डिसेंबरात दिवस अकरा तासांच्या आसपास असतो, जूनमध्ये सव्वातेराच्या घरात जातो, आणि हा वाढता उजेड मेंदूला कळला की नराचे हार्मोन चढतात. पैठणच्या नाथसागर धरणावर हिवाळा काढून गेलेली तलवार बदकं आणि थापटे ही रानबदकं परत उत्तरेला निघतात त्यातही याच उजेडाचा मोठा वाटा. आपलं पाळीव बदक कुठं जाणार, ते अंगणातच दंगा करतं. म्हणून नराला शिव्या देण्याआधी आपली मांडणी बघा, नव्वद टक्के घोळ तिथंच असतो असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला घोळ तर बाजारातच होतो. आठवडी बाजारात पिल्लं "जोडी" म्हणून देतात, आणि एवढ्याशा पिवळ्या पिल्लात नर कोणता मादी कोणती हे देणाऱ्यालाही वरून बघून सांगता येत नाही. मग निघतात दोन नर, नाहीतर दोन नर एक मादी, आणि हा दुसरा प्रकार सगळ्यात वाईट. एका नरामागं चार-पाच माद्या लागतात. एकच असली तर तो दिवसभर तिच्याच पाठीवर, तिच्या मानेची पिसं जातात, कातडी लाल दिसते, ती लंगडायला लागते. दोनेक महिन्यांचं झालं की आवाजावरून ओळखा: मोठ्यानं क्वॅक क्वॅक करते ती मादी, घसा बसल्यासारखा बोलतो तो नर. पुढं नराच्या शेपटीवर वर वळलेलं कुरळं पीस येतं. तोंडावर लाल गाठी असलेल्या मस्कोव्हीला हे पीस येत नाही, त्याचा नर नुसता फुसफुसतो.

दुसरी चूक लई महागात पडते. नर बदक गावरान कोंबड्यांसोबत एकाच खुराड्यात. वर्षभर नीट राहतात म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण या दिवसांत माद्या कमी पडल्या की तो कोंबडीवर चढतो. आता हे सरळच सांगावं लागतं, कोंबड्याला लिंग नसतं, बदकाच्या नराला असतं, लांब आणि पिळदार, कोंबडीचं शरीर त्यासाठी बनलेलंच नाही, आतून जखम होते आणि कोंबडी मरू पण शकते. मेली की घरचे म्हणतात रोग आला, नाहीतर मुंगसावर नाव घेतात. संक्रांतीनंतर कोंबड्या वेगळ्या म्हणजे वेगळ्या, त्यात मधला मार्ग नाही.

रात्रभर बल्ब जाळू नका. सापाच्या न मांजराच्या भीतीनं खुराड्यात एलईडी लावून ठेवतात, त्यानं बदकाचा दिवस अजून लांबतो म्हणजे आपणच त्याचं डोकं तापवायलो. बल्बपेक्षा बारीक जाळी आणि घट्ट कडी-कोयंडा कामाचा.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण एप्रिल-मेत टँकरची वाट बघणाऱ्या घरात सगळ्यांत आधी काटकसर बदकाच्या पाण्यात होते. मधोमध एकच टप ठेवला की तगडा नर त्याला खेटून उभा, बाकीच्यायला चोच बुडवू देत नाही, आणि चाळीस अंशाच्या पुढं ऊन असताना तहानलेलं बदक पटकन कोलमडतं. एका टपाऐवजी दोन-तीन घमेली ठेवा, वेगवेगळ्या कोपऱ्यात, एकावरून दुसरं दिसणार नाही अशी. पाणी तेवढंच लागतं, फक्त डोळे-नाकपुड्या बुडतील एवढी खोली हवी. हौद असेल तर या दिवसांत जपून, कारण बदकं पाण्यातच जुळतात आणि दोन-तीन नर एकदम एकीवर चढले तर तिचं डोकं पाण्याखाली राहतं, पोहणारा पक्षी बुडून मरतो. (घमेल्यातलं घाण पाणी कढीपत्त्याला टाका, झाड बघा कसं येतं.)

अंगावर आला तर पळू नका, काठीनं हाणू नका. पळालं की त्याला वाटतं जिंकलो, हाणलं की तो अजून चिडतो. वरून दोन्ही पंख दाबून उचला, काखेत धरा, गप झाला की हळूच खाली ठेवा. पाय किंवा मान धरून उचलायचं नाही, बदकाचे पाय नाजूक असतात. लहानपणापासून एकट्यानं हातावर वाढवलेला नर तर माणसालाच आपल्यातलं समजतो, त्याला या दिवसांत हातानं चारणं, पायाशी खेळवणं बंद.

थोडं छातीनं ढकलणं, गोल गोल फिरून मान धरणं हे चालतंच, मिटतं पाच मिनिटांत. पण रक्त दिसलं, डोळ्याला लागलं, एखादं कोपऱ्यात बसून खायला येईना, तर त्याच दिवशी वेगळं करा. माद्या नजरेआड असल्या तर नर नर एकत्र बऱ्यापैकी गुण्यागोविंदानं राहतात. लोक मधे फक्त जाळी मारतात, माद्या समोर दिसत राहतात, मग नर दिवसभर जाळीला घासून फेऱ्या मारतात आणि राग एकमेकांवर काढतात. तुराट्यांचा कूड घाला, नाहीतर बारदाना बांधा.

जखमेला पोव्हिडोन आयोडीन लावा आणि माशा बसू देऊ नका, आळ्या पडायला वेळ लागत नाही. नराचं लिंग बाहेरच लोंबत राहिलं तर कापायचं नाही, स्वच्छ पाण्यानं ओलं ठेवून, माद्यांपासून दूर करून, लगेच जनावरांच्या दवाखान्यात. आणि अंड्यावरच्या कोंबडीचं लेअर फीड नुसत्या नरांना कायम घालू नका, त्यात कॅल्शियम फार.

पावसाळ्यात पिसं झडायला लागली की तापट नरही ढिला पडतो. कुरळं पीस गळतं, रंगीत नर मादीसारखा मळकट दिसतो, आणि "आमच्या नराची मादी झाली काहो" म्हणून विचारणारे भेटतात. काही झालेलं नसतं, नवीन पिसं आली की पीस परत वळतं. वेगळे केलेले एकत्र आणायचे तर हेच दिवस बरे, आधी थोडे दिवस मधे जाळी ठेवून, मग मोकळ्या जागेत सोडून. जास्तीचे नर कुणाला द्यायचे असले तरी याच दिवसांत द्या, नव्या घरी कुरकुर न करता रुळतात.