पांढरं कुठल्या थरात आहे? कार्डियाक एमआरआय शिकतानाचा अनुभव

कार्डियाक एमआरआय शिकायला लागले तेव्हा सुरुवातीला मी नुसता पांढरा डाग शोधायचे. गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी काढलेल्या प्रतिमांत स्नायू कुठे उजळ दिसला की मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयस्नायूचा दाह, लिहायला हात शिवशिवायचे. नव्याने येणाऱ्यांनो, आधी तो डाग भिंतीच्या कुठल्या थरात आहे ते बघा. हार्ट अटॅकचा डाग आतल्या कडेपासून सुरू होतो आणि एका धमनीच्या हद्दीत राहतो. दाहाचा डाग बहुतेक वेळा बाहेरच्या कडेला किंवा भिंतीच्या मधोमध असतो.

पण डाग जुना व्रणही असू शकतो, म्हणून सूज वेगळी शोधावी लागते. 2018 साली सुधारलेले लेक लुईस निकष (एमआरआयवरून मायोकार्डायटिस ओळखायचे नियम) नेमकं हेच मागतात: टी-टू प्रतिमांत (यांत सुजेचं पाणी उजळ दिसतं) किंवा टी-टू मॅपिंगमध्ये (तेच जागोजागी आकड्यांत मोजणं) सूज, आणि त्याच्या जोडीला टी-वन मॅपिंग, ईसीव्ही (स्नायूत पेशींबाहेरच्या जागेचं प्रमाण) किंवा गॅडोलिनियमचा डाग यांपैकी एक पुरावा. दोन्ही बाजू जुळल्या की निदान भक्कम होतं.

माझी चूक इथेच झाली. एका तरुण रुग्णाच्या टी-टू प्रतिमेत हृदयाच्या टोकाशी आतून चमकदार किनार दिसली आणि मी 'सूज' लिहून मोकळी झाले. मॅडमनी काही न बोलता सिने (धडधडत्या हृदयाची चित्रफीत) लावली. टोकाशी रक्त संथ घोटाळत होतं, चमक त्याचीच होती. टी-टू मॅपवर तिथला आकडा शेजारच्या भिंतीएवढाच निघाला. त्या दिवसापासून मॅप उघडल्याशिवाय मी सूज लिहिलेली नाही. मॅपचे आकडेही आपल्याच मशीनच्या नॉर्मलशी ताडायचे. दीड टेस्ला चुंबकाच्या मशीनचे आकडे तीन टेस्लाच्या मशीनला लावले तर धडधाकट माणूस आजारी ठरेल.

इन्व्हर्जन टाइम (गॅडोलिनियमच्या प्रतिमेत निरोगी स्नायू काळा यावा म्हणून ठरवायची वेळ) एकदा बसवला की काम झालं, असं समजू नका. गॅडोलिनियम धुऊन निघत असतं, तशी ही वेळ पुढे सरकते. निरोगी स्नायू काळाकुट्ट दिसायला हवा. तो करडा झाला की बारीक डाग त्यात बुडून जातो.

आणखी एक. ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलंय, इको नॉर्मल आहे, अशी विनंती आली की छातीत कधीपासून दुखतंय ते मी स्वतः जाऊन विचारते. सूज काही आठवड्यांत ओसरते. तारीख जुनी असेल तर टी-टू नॉर्मल आला म्हणून दाह झालाच नव्हता, असं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही.