सात मजल्यांची अवकाश-लिफ्ट: गच्चीवरून चालणारं मॉडेल

अवकाश-लिफ्ट म्हणजे विषुववृत्तावरून सुमारे 1,00,000 किलोमीटर वर गेलेली पट्टी आणि तिला चिमटीत धरून चढणारी गाडी. तशी पट्टी अजून कुणी बनवू शकलेलं नाही. गाडी मात्र ठाण्यात किंवा ऐरोलीत, सात मजली सोसायटीच्या गच्चीवरून चढवून पाहता येते.

पट्टीसाठी 25 मिलिमीटर रुंद पॉलिएस्टरची नवार घ्या, 25 मीटर. नायलॉन ताणलं जातं, गाडी हिंदकळते. गोल दोरी नकोच, गाडी तिच्याभोवती गिरकी घेते. नवारीचं टोक टाकीखालच्या आरसीसी खांबाला बांधा. कठड्याच्या विटांवर भरवसा ठेवू नका. पट्टी भिंतीपासून 1 मीटर लांब राहील असा पाइप बाहेर काढा आणि त्याचं मागचं टोकही खांबाला जखडा. खाली पाण्याने भरलेला 5 लिटरचा कॅन लटकवा.

गाडीचं वजन 600 ग्रॅमच्या आत ठेवा. 12 व्होल्टची, 100 आरपीएमची (मिनिटाला 100 फेऱ्यांची) जॉन्सन गिअर मोटर, 3 लिथियम सेल, 4 सेंटिमीटर व्यासाचं रबरी चाक आणि समोर स्प्रिंगने दाबलेला रोलर एवढं पुरतं. मोटर, सेल लॅमिंग्टन रोडवर मिळतात. 600 ग्रॅम पेलायला चाकावर सुमारे 1.2 किलो-सेंटिमीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. मोटर 4 किलो-सेंटिमीटरची घ्या. मिनिटाला साधारण 12 मीटर चढते, म्हणजे दोन मिनिटांत गच्ची.

बहुतेक गाड्या पहिल्याच मजल्यावर अडतात. चाक फिरतं, गाडी जागची हलत नाही. दोष मोटरचा नसून दाबाचा असतो: रबर आणि नवारीतलं घर्षण 0.5 धरलं तरी रोलरने निदान 1.2 किलो दाबायला हवं. स्प्रिंग 2.5 किलोची लावा. त्याहून जास्त दाबलं तर बेअरिंगच ब्रेक बनतं आणि बॅटरी लवकर संपते. दुपारी खाडीवरून वारा सुटला की पट्टी पिळते, म्हणून सकाळी 9 च्या आत चाचणी घ्या. विजेच्या तारांजवळ नको, संक्रांतीच्या मांज्याच्या दिवसांत तर मुळीच नको. गाडीखाली कुणालाही उभं राहू देऊ नका.

या मॉडेलमध्ये एक गोष्ट उलटी आहे, ती मुलांना आवर्जून सांगा. इथे ताण खालच्या कॅनमुळे येतो. खऱ्या लिफ्टमध्ये तो वरून येतो: 35,786 किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेपलीकडचं (तिथला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरत एकाच जागेच्या वर राहतो) वजन पृथ्वीच्या फिरण्यामुळे बाहेर ओढलं जातं आणि पट्टी ताठ राहते. सर्वात जास्त ताणही त्याच उंचीवर, म्हणून पट्टी तिथे सर्वात जाड आणि टोकांकडे निमुळती. सारख्याच जाडीची ठेवायची तर धाग्याला पृथ्वीवरच्या गुरुत्वात स्वतःच्याच जवळजवळ 5,000 किलोमीटर लांबीचं वजन पेलावं लागेल. चांगली पोलादी तार सुमारे 25 किलोमीटर लांबीलाच स्वतःच्या वजनाने तुटते. कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिसूक्ष्म, मजबूत नळ्यांवर) आशा आहे ती यामुळेच, पण लांब, निर्दोष धागा अजून कुणाच्या हाती नाही.