इंग्रजीचा ‘ध चा मा’ टाळायचा असेल तर

दिवसभर हेडफोन लावून इंग्रजी ऐकायचं आणि पडद्याखाली मराठी ओळी बसवायच्या, हे माझं काम. सबटायटलं करणारी माणसं इंग्रजीत कच्ची नसतात. तरी माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मसुद्यांत काही ओळी हमखास अशा निघतात, की पात्र बोलतंय एक आणि खाली उमटलंय भलतंच. मध्यंतरी एका अमेरिकन मालिकेत नायिका म्हणाली, ‘आय कॅन्ट टेल हिम’. मसुद्यात ओळ होती, ‘मी त्याला सांगू शकते’. पुढचे दोन भाग ती तोंड मिटून का बसते, हे मराठी प्रेक्षकाला कळणार कसं?

अशा वेळी कानाला दोष देऊन भागत नाही. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचं त्याचं माप देतो. इंग्रजी बोलणारा शब्दातलं एक अक्षर ठासून म्हणतो आणि उरलेली जवळजवळ गिळतो. त्याने गिळलेलं आपल्याला सापडत नाही आणि आपण सरळ रेषेत बोललेलं त्याला ओळखू येत नाही. चुकीचं ऐकणं आणि चुकीचं बोलणं, दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा हेच. म्हणून आधी जोर शोधायचा, बाकी सगळं नंतर.

शब्दकोशात उच्चार पाहताना पहिल्यांदा फक्त एक खूण बघा: वरच्या बाजूला असलेली छोटी उभी रेघ. ती ज्या अक्षराच्या आधी असते त्यावर जोर. बाकीच्या चिन्हांची ओळख हळूहळू होते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर. ‘फोटोग्राफर’ म्हटलं की जोर सरकून ‘टॉ’वर जातो आणि शब्द ‘फटॉग्रफर’ होतो. पहिला ‘फो’ पार गळतो. ‘फोटोग्राफिक’मध्ये तोच जोर ‘ग्रॅ’वर. ही उडी लक्षात आली नाही तर तिन्ही शब्द आपण एकाच चालीत म्हणतो आणि समोरचा कपाळाला आठ्या घालतो. ‘डेव्हलप’, ‘हॉटेल’, ‘इव्हेंट’ या तिन्हींचा जोर मराठी माणूस सर्रास पहिल्या अक्षरावर टाकतो. तो दुसऱ्यावर हवा. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर ‘रिकॉर्ड’, जोर दुसऱ्यावर. ‘प्रेझेंट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘परमिट’ यांचंही तसंच.

नव्या मुलांना मी शब्द गुणगुणायला लावते. अक्षरं काढून टाका आणि नुसती चाल म्हणा. ‘फटॉग्रफर’ची चाल ‘ड-डाऽ-ड-ड’. चाल पक्की बसली की मग अक्षरं भरा. हसू येतं, पण उपयोग होतो.

जोर सुटलेल्या अक्षरांत उरतो तो बहुधा एक आखूड, बिनचेहऱ्याचा ‘अ’. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारा स्वर हाच, आणि स्पेलिंगमध्ये त्याला स्वतःचं अक्षरच नाही. ‘बनाना’त पहिला आणि शेवटचा ‘ए’ हाच असतो, फक्त मधला लांब. ‘कम्फर्टेबल’चं ‘कम्फ्टबल’ आणि ‘व्हेजिटेबल’चं ‘व्हेज्टबल’ यातूनच होतं. त्यात कुणाचा आळस नाही, कोशातला उच्चारच तसा आहे.

आता त्या ‘कॅन्ट’कडे येऊ. आपण शेवटच्या ‘ट’ची वाट बघत बसतो, आणि अमेरिकन माणूस तो ‘ट’ सोडतच नाही. जीभ टाळूच्या पुढच्या भागाला टेकवून तिथेच थांबतो. मग होकार-नकार ओळखायचा कसा? स्वरावरून. होकारातला ‘कॅन’ वाक्याच्या मध्ये दबून ‘कन’ होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो: ‘आय कन टेल हिम’. नकारातला ‘कॅ’ पूर्ण, ठसठशीत असतो. स्वच्छ ‘कॅ’ ऐकू आला तर नकार धरा. ब्रिटिश माणूस सरळ ‘कान्ट’ म्हणतो, तिथे अडचण नाही. स्वतः बोलतानाही हे सांभाळायला हवं. ‘आय कॅन कम’ असं दोन्ही शब्दांना सारखं वजन देऊन म्हटलंत तर पलीकडच्याला नकार ऐकू येण्याची दाट शक्यता. नकारच द्यायचा असेल तर ‘कॅनॉट’ म्हणा आणि मोकळे व्हा.

छोटे शब्द असेच चिरडले जातात. ‘कुड हॅव’चा ‘कुडव’ होतो, म्हणून इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही ‘कुड ऑफ’ लिहून बसतात. ‘फॉर ऑल इंटेंट्स अँड पर्पझेस’चं ‘इंटेन्सिव्ह पर्पझेस’ करणारेही तेच. सर्वांत गाजलेला चिरडलेला शब्द चंद्रावरचा आहे. 1969च्या जुलैत नील आर्मस्ट्राँगचं वाक्य पृथ्वीवर ऐकू आलं ते ‘वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड’ असं. आपण ‘फॉर अ मॅन’ म्हणणार होतो, असं तो नंतर सांगत राहिला. त्या ‘अ’शिवाय ‘मॅन’चा अर्थ मानवजात होतो आणि वाक्य एकच गोष्ट दोनदा सांगतं. भरभर बोलताना ‘फॉर अ’चा ‘फ्रऽ’ होतो, आणि त्यावर अजून वाद चालू आहे.

चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत नावही आहे, ‘मॉन्डेग्रीन’. सिल्विया राइट या लेखिकेने 1954 साली ते दिलं. लहानपणी एका स्कॉटिश पोवाड्यातलं ‘लेड हिम ऑन द ग्रीन’ तिला ‘लेडी मॉन्डेग्रीन’ असं ऐकू येई. मारल्या गेलेल्या सरदाराशेजारी एक बाईही धारातीर्थी पडली, असं ती धरून चालली होती. शब्दाची हद्द कुठे, हे कानाला सांगावं लागतं. ते कुणी सांगितलं नाही तर तो आपल्या मनाने ठरवतो. पूर्ण भाषेनेसुद्धा असं केलेलं आहे. ‘एप्रन’ हा मुळात ‘नेप्रन’. ‘अ नेप्रन’चं ‘अ‍ॅन एप्रन’ झालं. ‘अंपायर’चंही तेच, त्याचाही पहिला ‘न’ असाच गळाला. ‘ऑरेंज’मधला ‘न’ इंग्रजीत पोहोचण्यापूर्वीच वाटेत हरवला. आपल्या ‘नारिंगा’त तो अजून शाबूत आहे.

हद्द शोधायची माझी पद्धत सांगते. वाक्य अडलं की तेवढाच दोन-तीन सेकंदांचा तुकडा पुन्हापुन्हा लावा. वेग पाऊणपट करा. त्याहून कमी केला तर आवाज ओढला जातो आणि ऐकू येणारंही बिघडतं. मग अर्थ न शोधता, कानावर पडतंय ते जसंच्या तसं देवनागरीत लिहा. ‘वॉचगना डू’. ‘शुडव नोन’. ‘डिजीट’. आता ते कागदावरून मोठ्याने, भराभर वाचा. ‘डिजीट’ तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत ‘डिड यू ईट’ आपोआप वर येतं. आपली लिपी आवाज लिहिते, ही आपली मोठी सोय आहे. इंग्रजी माध्यमातून शिकलेली मुलं ती वापरायला लाजतात. लाजू नका. एरवी ‘ऐकावे जनाचे’ झाल्यावर जो तो ‘लिहावे मनाचे’ करतो.

आता तोंडाकडे. इथे देवनागरी आपल्याला दगाही देते. ‘व्हेल’ लिहिलं तर समुद्रातला देवमासा की चेहऱ्यावरचा पडदा? मराठीत आपण ‘डब्ल्यू-एच’लाही ‘व्ह’ लिहितो आणि नुसत्या ‘व्ही’लाही, मग बोलतानाही दोन्हींचा काला होतो. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि गुंजन येऊ द्या. ‘डब्ल्यू’साठी दातांचं काही काम नाही; ओठ ‘ऊ’ म्हणण्यासारखे गोल करून तिथून घसरा. देवमासा ‘ऊएल’च्या जवळ जातो. आरशासमोर ‘व्हॅन’ आणि ‘वन’ आलटून पालटून म्हणा. ‘वन’ म्हणताना दात दिसले तर चुकलं.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. शब्दाच्या सुरुवातीला, जोराच्या अक्षरात ‘पी’, ‘टी’, ‘के’ आले की इंग्रजी माणूस त्यांच्यामागे हवेचा झोत सोडतो. तळहात तोंडासमोर धरलात तर तो जाणवतो. आपल्या ‘प’ला झोत नसतो, म्हणून आपलं ‘पिन’ त्याला ‘बिन’ वाटू शकतं, ‘पॅक’चं ‘बॅक’ होतं. ओठ पूर्ण मिटून झोत द्या. मात्र ‘फिल्म’मधला ‘फ’ करू नका, त्यात ओठ मिटतच नाहीत. ‘स्पिन’, ‘स्टॉप’, ‘स्काय’मध्ये ‘एस’नंतर झोत नको, तिथे आपला साधा ‘प’, ‘ट’, ‘क’ अगदी योग्य. अमेरिकन ‘टी’ दोन स्वरांमध्ये सापडला आणि पुढच्या अक्षरावर जोर नसला, की जवळपास ‘ड’ होतो. ‘वॉटर’चं ‘वॉडर’, ‘सिटी’चं ‘सिडी’. ‘मेटल’ आणि ‘मेडल’ तिथे एकच ऐकू येतात. संदर्भावरून ठरवायचं, दुसरा इलाज नाही.

भूतकाळाच्या ‘ई-डी’चा नियम सोपा आहे. आधीच्या आवाजात गळा थरथरत नसेल तर ‘ट’: ‘आस्क्ट’, ‘जम्प्ट’, ‘वॉश्ट’. थरथरत असेल तर ‘ड’: ‘कॉल्ड’, ‘प्लेड’. फक्त ‘टी’ आणि ‘डी’नंतर वेगळं अक्षर वाढतं: ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’. ‘लुकेड’ असा उच्चार कुठेच नाही.

स्पेलिंगवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टरमध्ये छापखाना घातला. इंग्लंडमधला तो पहिला. छपाईबरोबर स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली आणि उच्चार मात्र पुढे सरकत राहिले. ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्यातला ‘के’ एके काळी खरोखर उच्चारला जाई. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला ‘बी’ मात्र कधीच कुणी उच्चारला नाही. शब्दाचं लॅटिन कूळ दाखवायला पंडितांनी तो मागाहून चिकटवला. ‘आयलंड’चा ‘एस’ तर चुकीच्या कुळाचा.

म्हणून जे शब्द फक्त वाचले आहेत, कधी ऐकले नाहीत, त्या सगळ्यांकडे संशयाने बघा. ‘सटल’, ‘रिसीट’, ‘प्लमर’, ‘टूम’, ‘इंडाइट’, ‘सॅमन’: प्रत्येकाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर मुकं. ‘हायपर्बोल’ नव्हे, ‘हायपर्बली’. ‘एपिटोम’ नव्हे, ‘इपिटमी’. ‘मिसलेड’ला ‘मायझल्ड’ वाचणारे इंग्रजसुद्धा असतात. ‘प्रोनाउन्स’ बरोबर, पण नाम ‘प्रनन्सिएशन’; मधला ‘नाउ’ तिथे नाही. फ्रेंचांकडून आलेले ‘डेब्री’, ‘कू’, ‘कोर’ शेवटची अक्षरं गिळतात. गावं, नद्या, राज्यं यांच्या नावांना तर नियमच नाही: ‘ग्रेनिच’, ‘लेस्टर’, ‘वुस्टर’, ‘टेम्झ’, ‘आर्कन्सॉ’. गंमत म्हणजे ‘कर्नल’ आणि ‘लेफ्टनंट’ आपण सगळेच नीट म्हणतो. पहिल्याच्या स्पेलिंगमध्ये ‘र’च्या जागी ‘एल’ आहे, दुसऱ्यात ‘एफ’ औषधालाही नाही; पण हे शब्द आपल्याकडे कानावाटे आले, पुस्तकातून नव्हे. अमेरिकन मात्र ‘लूटेनंट’ म्हणतात, तेव्हा दचकू नका.

उच्चार पाहायचा तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या ऑनलाइन कोशात ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही ध्वनी ऐकता येतात. पण कोशातला माणूस शब्द एकटा म्हणतो. वाक्यात तो कसा चिरडला जातो, हे ऐकायला मी यूग्लिश वापरते. शब्द टाकला की तो जिथे जिथे बोलला गेला आहे ते व्हिडिओचे तुकडे समोर येतात. निरनिराळ्या तोंडून पाच-सहा वेळा ऐका, मगच स्वतः म्हणा.

शब्द नीट ऐकला, अर्थ मात्र हुकला, हा प्रकार सबटायटलात सर्वांत घातक, कारण तो पकडला जात नाही. ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे पेट घेणारं. सुरुवातीचा ‘इन’ नकाराचा समजून लोक बेसावध राहतील, म्हणून आता इशाऱ्याच्या पाट्यांवर ‘फ्लॅमेबल’ छापतात. ‘टेबल’ हे क्रियापद तर अटलांटिक ओलांडताना उलटं होतं: ब्रिटनमध्ये प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी यावरून बराच वेळ भांडले, आणि दोघांनाही हवं होतं ते एकच, असं चर्चिल यांनी युद्धाच्या आठवणींत नोंदवलं आहे. ‘क्वाइट गुड’ अमेरिकन माणूस कौतुकाने म्हणतो; ब्रिटिशाच्या तोंडी ते बरेचदा ‘बरं आहे’ इतकंच. ‘बायवीकली’ म्हणजे आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, दोन्ही. सरळ तारीख विचारा. ‘आय हॅव अ डाउट’ हे आपण शंका विचारण्याआधी म्हणतो, पण बाहेरच्या माणसाला वाटतं, याचा आपल्यावर विश्वास नाही. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘पास आउट’चा तर विषयच नको. कॉलेजातून पास आउट झालो म्हटलंत, की तो विचारतो, चक्कर कशाने आली?

फोनवर नाव किंवा आकडा सांगताना उच्चार सुधारत बसण्यापेक्षा वैमानिकांची अक्षरमाला पाठ करा: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. 1956पासून ती जगभर लागू आहे. तिच्यात ‘थ्री’ला मुद्दाम ‘ट्री’ म्हणतात, ‘फाइव्ह’ला ‘फाइफ’ आणि ‘नाइन’ला ‘नायनर’. म्हणजे ‘थ’ सगळ्यांना जमत नाही, हे विमानवाल्यांनीही मान्य केलेलं आहे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’मध्ये फरक सहसा जोराचा: पहिल्यात ‘टीन’वर आणि लांब, दुसऱ्यात ‘फिफ’वर. तरी पैशांचा किंवा औषधाच्या मात्रेचा मामला असेल तर आकडे सुटे करून म्हणा, ‘वन फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह झीरो’. आणि समोरच्याचं कळलं नाही तर नुसतं ‘सॉरी?’ म्हणू नका; तो तेच वाक्य त्याच वेगाने, फक्त जरा मोठ्याने म्हणतो. जेवढं कळलं तेवढं म्हणून अडलं तिथे थांबा: ‘यू वॉन्ट मी टु सेंड इट बाय...?’ मग तो नेमका तेवढाच शब्द सुटा करून सांगतो.