पीडीपी-११ वर युनिक्सची सहावी आवृत्ती कशी चालवावी

बेल लॅब्जच्या युनिक्स या संगणकप्रणालीची सहावी आवृत्ती १९७५ सालची. कॅल्डेरा कंपनीने जानेवारी २००२ मध्ये जुन्या युनिक्स आवृत्त्या मुक्त परवान्याखाली दिल्या, त्यामुळे ती कायदेशीरपणे उतरवून घेता येते. टेप आणि डिस्कच्या प्रतिमा युनिक्स हेरिटेज सोसायटीच्या संग्रहात आहेत. हाताशी खरं पीडीपी-११ (डीईसी कंपनीचा जुना मिनीसंगणक) असलं तरी सुरुवात सिमएच या एम्युलेटरवरच (जुन्या यंत्राची सॉफ्टवेअरमधली नक्कल) करावी. खऱ्या यंत्रावर गाडी अडली की दोष आज्ञेत आहे, कार्डात आहे की डिस्कच्या हेडमध्ये, हे सांगता येत नाही. एम्युलेटरवर निदान दोन शक्यता आधीच बाद होतात.

खालच्या सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लहान अक्षरांत द्याव्यात.

मांडणी

आरके०५ (काढता येणाऱ्या डिस्कचा ड्राइव्ह) च्या तीन डिस्क-प्रतिमा लागतात: पहिली रूटची, दुसरी सोर्सची, तिसरी दस्तऐवजांची. सिमएच सुरू करून क्रमाने द्या:

सेट सीपीयू ११/४०
सेट टीटीओ ७बी
अटॅच आरके० (पहिल्या प्रतिमेचं नाव)
अटॅच आरके१ (दुसरीचं)
अटॅच आरके२ (तिसरीचं)
बूट आरके०

पहिली ओळ गाळू नका. सिमएच आपणहून ११/७३ हे नंतरचं मॉडेल धरतं आणि तयार कर्नल (प्रणालीचा गाभा) तर ११/४० साठी बांधलेला असतो. दुसरी ओळ आठवा बिट छाटते; ही प्रणाली अक्षरांबरोबर पॅरिटी बिटही (चूक ओळखण्याचा जादा बिट) पाठवते, आणि तो न छाटल्यास पडद्यावर कचरा दिसतो.

बूट झाल्यावर फक्त '@' उमटतं. बाकी काही सूचना नाही. तिथे कर्नलच्या फाइलचं नाव द्यायचं, 'युनिक्स' किंवा 'आरकेयुनिक्स'. मग 'मेम =' पुढे हजाराच्या थोडा वर आकडा येतो. तो हजार शब्दांच्या (एक शब्द म्हणजे १६ बिट) दहाव्या भागात असतो, म्हणजे १०३६ आलं तर वापरायला १०३.६ हजार शब्द मोकळे आहेत. लॉगिनला 'रूट' द्या. ते चुकूनही मोठ्या अक्षरांत देऊ नका, नाहीतर टर्मिनलला लहान अक्षरं येतच नाहीत असं प्रणाली धरून चालते. तसं झालंच तर 'एसटीटीवाय -एलकेस' द्यावं.

बूटच्या आधी 'डी एसआर १७३०३०' देऊन स्विच रजिस्टर (पॅनेलच्या स्विचांवरचा आकडा) लावलं, तर लॉगिनशिवाय थेट एकल-वापरकर्ता शेल मिळतं. दुरुस्तीची कामं इथेच करावीत.

हाताने बूट

'बूट' ही आज्ञा सिमएचची सोय झाली. मूळ यंत्रावर, बूट रॉम नसेल तर, पुढचे नऊ अष्टमान (० ते ७ अंकांत लिहिलेले) शब्द पुढच्या पॅनेलच्या स्विचांनी भरावे लागत. हे एकदा तरी करून पाहावंच. पत्ता १००० पासून सुरू करून प्रत्येक शब्दाला पत्ता दोनने पुढे न्या:

०१२७००, १७७४१२, ००५०४०, ०१००४०, ०१२७४०, ०००००५, १०५७१०, ००२३७६, ००५००७

पहिले दोन शब्द डिस्क नियंत्रकाच्या रजिस्टरांजवळचा पत्ता आर० या प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ठेवतात. मग उलट्या दिशेने सरकत स्मृतीचा पत्ता शून्य होतो, शब्दसंख्या भरली जाते आणि ५, म्हणजे 'वाचन सुरू कर', नियंत्रकाला जातो. पुढचे दोन शब्द काम संपेपर्यंत घिरट्या घालतात. शेवटचा प्रोग्रॅम काउंटर (पुढच्या आज्ञेचा पत्ता) शून्यावर नेतो. वाचलेला ब्लॉक शून्य पत्त्यावरच उतरतो, म्हणून हे शब्द तिथे भरायचे नाहीत. ते स्वतःवरच लिहिले जातील.

रोज अडखळायला लावणाऱ्या गोष्टी

'सीडी' नाही, 'सीएचडीआयआर' आहे. कंट्रोल-सी नाही, चालू काम थांबवायला डिलीट कळ. संपादक 'ईडी', आणि चुकलं की तो फक्त '?' म्हणतो. एक अक्षर खोडायला '#' आणि आख्खी ओळ रद्द करायला '@'. सगळ्यात वैताग आणतं ते '#'. या काळातला सी कंपायलर फाइलचं पहिलंच अक्षर '#' असेल तरच प्रीप्रोसेसर (संकलनाआधी '#' च्या ओळी हाताळणारा भाग) चालवतो, आणि तेच अक्षर टर्मिनल गिळतं. म्हणून '\#' असं टंकावं. सी भाषाही जुनी: '+=' च्या जागी '=+' लिहायचं, आणि बाहेरच्या चलांना सुरुवातीची किंमत 'इंट एक्स ५;' अशी बरोबरच्या चिन्हाशिवाय द्यायची.

नवा कर्नल

उपकरणं बदलली की '/युएसआर/सिस/कॉन्फ' मध्ये 'एमकेकॉन्फ' (कर्नलची उपकरणं ठरवणारी आज्ञा) चालवा. एकेका ओळीवर उपकरणाचं नाव (डिस्कसाठी आरके, टेपसाठी टीएम, प्रिंटरसाठी एलपी) आणि शेवटी 'डन'. ११/४० साठी 'एम४०.एस' जोडायचं, ११/४५ आणि ११/७० साठी 'एम४५.एस'. तयार कर्नलला '/युनिक्स' हेच नाव द्या. 'पीएस' (चालू कामांची यादी देणारी आज्ञा) त्याच फाइलमधून पत्ते घेतो, दुसऱ्या कर्नलवर बूट केलं तर काहीबाही दाखवतो.

आरके०५ मध्ये ५१२ बाइटांचे ४८७२ ब्लॉक बसतात. पहिले ४००० फाइलप्रणालीचे, उरलेले ८७२ स्वॅपचे (स्मृती कमी पडली की कामं तात्पुरती ठेवायची जागा). रूट डिस्कवर 'एमकेएफएस' (फाइलप्रणाली बनवणारी आज्ञा) ला ४००० पेक्षा मोठा आकडा दिला तर तक्रार येत नाही. स्मृती कमी पडून स्वॅप सुरू झाला की फाइली मुकाट्याने पुसल्या जातात.

खऱ्या यंत्रावर

११/४० सोबत केटी११-डी स्मृतिव्यवस्थापन, केडब्ल्यू११-एल घड्याळ, कन्सोलसाठी डीएल११ हे जोडणी-कार्ड, आणि आरके११ नियंत्रकासह आरके०५ हवं. घड्याळ नसेल तर कर्नल 'नो क्लॉक' म्हणून जागीच थांबतो. वीज देण्याआधी कार्डं काढून, पुरवठ्यावर कृत्रिम भार ठेवून +५ आणि −१५ व्होल्ट तपासा.

युनिबसच्या (सगळी कार्डं जोडणारी सामायिक वाहिनी) रिकाम्या खाचेत जी७२७ हे ग्रँट कार्ड हवंच. ते नसेल तर बस-ग्रँटची (बस वापरायच्या परवानगीची) साखळी तुटते आणि पुढच्या उपकरणांचे इंटरप्ट पोचत नाहीत. डीएमए करणारं (प्रोसेसरशिवाय थेट स्मृतीत लिहिणारं) कार्ड काढलं असेल तर त्या खाचेमागची सीए१–सीबी१ तार पुन्हा जोडा.

आरके०५ मधली आपत्कालीन निकेल-कॅडमियम बॅटरी गळलेली असण्याची शक्यता मोठी, ती आधी बाहेर काढा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यावर तपकिरी रेघ दिसली तर चांगली डिस्क लावूच नका.

बंद करणं आणि दुरुस्ती

शटडाउन नावाची आज्ञा नाही. लिहायचे ब्लॉक मोजक्या १५ बफरांत अडकलेले असतात. 'सिंक' द्या, क्षणभर थांबून पुन्हा द्या (पहिला लिहून संपण्याआधीच परततो), मग हॉल्ट, सिमएचवर कंट्रोल-ई.

वीज मध्येच गेली तर 'आयचेक' आणि 'डीचेक' या तपासणीच्या आज्ञा चालवा, कारण नंतरच्या युनिक्समधलं 'एफएससीके' या आवृत्तीत अजून आलेलं नाही. मोकळ्या ब्लॉकांची यादी बिघडली असेल तर 'आयचेक -एस' ती नव्याने रचतं. हे रूट डिस्कवर केलं असेल, तर मात्र 'सिंक' न देता सरळ हॉल्ट करून बूट करा. स्मृतीत सुपरब्लॉकची (फाइलप्रणालीची मुख्य माहिती असलेला ब्लॉक) जुनी, बिघडलेली प्रत असते आणि 'सिंक' तीच दुरुस्त डिस्कवर परत लिहून टाकतं.