ख्रिस्ती-नास्तिक वादात या चुका टाळा

ख्रिस्ती आणि नास्तिक यांच्या जाहीर चर्चांना मी बरीच वर्षं सूत्रसंचालक म्हणून बसतोय. देव आहे की नाही, हे तिथे ठरत नाही. ठरेल अशी माझी अपेक्षाही नाही. पण अर्ध्या तासात प्रकरण एकमेकांच्या आईबापांवर जातं, त्याचा मात्र आता वीट आलाय. वक्ते बदलतात, चुका त्याच.

समोरच्याचं मूळ उकरणं

सगळ्यात जास्त नडते ती ही. वसईतल्या एका सभागृहात विषय होता लहान मुलांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचा. देव दयाळू आणि सर्वसमर्थ असेल, तर कॅन्सर वॉर्डातलं चार वर्षांचं पोर का तडफडतं? प्रश्न अस्सल आहे, ख्रिस्ती धर्मपंडितही शतकानुशतकं त्याच्याशी झगडत आलेत. नास्तिकांकडून बोलत होता इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी. समोर निवृत्त शिक्षक, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारे. सुरुवात झकास झाली. मग सरांनी बायबलमधल्या ईयोबाचा, दोष नसताना दुःख भोगणाऱ्या माणसाचा, दाखला दिला आणि पोराला उत्तर सुचेना. म्हणाला, "तुमच्या पूर्वजांच्या विहिरीत पाव टाकला नसता, तर आज तुम्ही घरी गणपती बसवला असता!" मागच्या रांगेत हशा. सर तसे शांत स्वभावाचे, पण तेही घसरले. "अरे, तुझा बाप लहानपणीच गेला, म्हणून तू देवावर डूख धरून आहेस." मुलाची आई तिसऱ्या रांगेत बसली होती. ती पर्स उचलून सरळ बाहेर गेली. त्यानंतर जे झालं त्याला चर्चा म्हणत नाहीत.

पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकून गावं बाटवली, असं सांगतात; त्या काळात वसईत धर्मांतरं कशी झाली, हा इतिहासाचा विषय आहे. त्यावर स्वतंत्र सभा घ्या, मी येईन. पण त्याने ईयोबाचा दाखला चुकीचा ठरत नाही, आणि बाप लवकर गेला म्हणून पोराचा प्रश्नही खोटा ठरत नाही. माणूस एखाद्या मताला कसा पोचला आणि ते मत बरोबर आहे का, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

नामवंतांचंही तेच. अँटनी फ्लू हे इंग्लंडचे गाजलेले नास्तिक तत्त्वज्ञ. २००४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की, विश्वामागे कुणी बुद्धिमान कर्ता असावा असं आता आपल्याला वाटतं. लगेच एका बाजूने कुजबुज, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. दुसरी बाजू त्यांना जिंकलेल्या ढालीसारखी मिरवू लागली. प्रत्यक्षात फ्लू ना ख्रिस्ती झाले होते, ना मरणोत्तर जीवन मानत होते. त्यांची कारणं नीट वाचायची तसदी दोन्हीकडच्या थोड्यांनीच घेतली.

माझा उपाय जुना आहे. उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा. तो "हो, हेच म्हणालो मी" म्हणाला, की मगच पुढे. नवशिके कुरकुरतात, वेळ जातो म्हणून. जाऊ दे. ज्यांना घाई आहे त्यांनी क्विझला नाव द्यावं. आणि व्यासपीठावर 'तुम्ही'चं 'तू' झालं की मी माइक काढून घेतो, बोलणारा कितीही ज्येष्ठ असो.

टाळीचं वाक्य

हल्ली नास्तिक लेखक-वक्ते क्रिस्टोफर हिचेन्स यांच्या क्लिपा बघून पोरं तयार होऊन येतात. पलीकडेही पाठ केलेले तडाखे असतातच. १८६० मध्ये ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स आणि डार्विनचे पाठीराखे शास्त्रज्ञ हक्सले यांच्यात डार्विनवरून खडाजंगी झाली. लोकांना त्यातलं काय आठवतं? माकडाकडून नातं आजोबांच्या बाजूने की आजीच्या, हा टोमणा. तोही शब्दशः कुणी टिपून ठेवलेला नाही. विल्बरफोर्सने लिहिलेलं डार्विनच्या पुस्तकाचं परीक्षण मात्र खुद्द डार्विनला हुशारीचं वाटलं होतं. आपल्या मांडणीतल्या सगळ्यात जास्त अंदाजावर उभ्या असलेल्या जागा बिशपने अचूक हेरल्यात, असं डार्विनने मित्राला कळवलं. ते परीक्षण आज कोण वाचतं?

याउलट १९४८ मध्ये बीबीसीवर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट संघाचे फादर कोपल्स्टन देवाच्या अस्तित्वावर बोलले, ते मिळवून ऐका. आधी देव म्हणजे आपण काय समजायचं, ते ठरवून घेतलं. विश्व आहे, बस्स, इतकंच, यावर रसेल अडून राहिले, तेव्हा कोपल्स्टनचा सगळ्यात बोचरा शब्द काय, तर पटासमोर बसून एक चालही खेळायला जो तयार नाही त्याला मात देता येत नाही. आजच्या पोरांना यात 'दम' वाटणार नाही.

बाकीच्या, थोडक्यात

"मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन" हे दात-ओठ खाऊन म्हणू नये. करायची असेल तर घरी जाऊन करा.

स्टालिन विरुद्ध इन्क्विझिशन (पाखंड्यांना शिक्षा देणारी चर्चची न्यायालयं): दोघांनीही आपापलं एकेक मढं बाहेर काढलं की मी थेट पुढच्या मुद्द्यावर जातो.

देव नाही म्हणणारा मूर्ख, हे बायबलमधलं चौदावं स्तोत्र नास्तिकाच्या तोंडावर मारणाऱ्यांनी मत्तय ५:२२ उघडावं. भावाला मूर्ख म्हणणाऱ्याचं काय होतं, ते येशूने तिथे सांगितलंय.

"आकाशातला म्हातारा" म्हणणाऱ्या नास्तिकांनी आधी मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस चाळावा. नाही पटला तर नाही.

आजारपणावर बोलणं हा नीचपणा आहे. २०१० मध्ये हिचेन्सना अन्ननलिकेचा कॅन्सर झाल्यावर, ज्या गळ्याने देवनिंदा केली तिथेच शिक्षा झाली, असं लिहिणारे ख्रिस्ती निघाले. त्याच वेळी श्रद्धाळू ख्रिस्ती शास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्स त्यांच्या उपचारांसाठी धडपडत होते. वाद दोघांनीही सोडला नव्हता.

आणि पोलीस ठाणं. २०१२ मध्ये मुंबईत इर्ल्याच्या चर्चमध्ये क्रुसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकत होतं. तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने वर चढतंय, असं बुद्धिवादी कार्यकर्ते सनल इदमरुकू यांनी दाखवलं. मग टीव्हीवर बोलणं पाण्यावरून चर्चवर घसरलं, धार्मिक भावना दुखावल्याच्या कलम २९५-अ खाली तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. भिंतीतल्या ओलीचा प्रश्न प्लंबर बोलावून सुटला असता.

श्रोत्यांचे प्रश्न मी चिठ्ठीवरच घेतो. ज्या चिठ्ठीत वक्त्याची जात, आडनाव किंवा बायको येते, ती माझ्या खिशात जाते. चिठ्ठीवाला नंतर चहाच्या टेबलापाशी येऊन भांडतो, त्याला मी बिस्किटाची बशी पुढे करतो.