नववीच्या गणिताच्या तासाला येताना

यंदा नववीत येणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. ठाण्यात नववी-दहावीला गणित शिकवताना दर जूनमध्ये तेच प्रश्न समोर येतात. वह्या किती करायच्या, गृहपाठ रोज दाखवायचा का, क्लासमध्ये वेगळी पद्धत शिकवली तर चालेल का, चाचणी बुडली तर काय. नियम पहिल्याच आठवड्यात सांगून होतात, त्यामागची कारणं मात्र तासाच्या धावपळीत राहून जातात. कारण कळलं की मुलं नियम मनापासून पाळतात, असा माझा अनुभव आहे. आणि सगळ्या नियमांमागे अपेक्षा एकच असते : तुम्ही उत्तरापर्यंत कसे पोहोचलात ते कागदावर दिसलं पाहिजे.

आधी रचना समजून घ्या. आठवीपर्यंत गणिताचं पुस्तक एक असतं. राज्य मंडळाच्या नववीत ती दोन होतात, भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती. दहावीला दोन्हींचे स्वतंत्र पेपर, प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे. उरलेले २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. एकूण १०० पैकी ३५ मिळाले की विषय सुटला. आपला ठाणे जिल्हा मंडळाच्या मुंबई विभागात येतो आणि त्या विभागाचं कार्यालय वाशीला आहे.

पालक मला दहावीबद्दल विचारतात, मी त्यांच्याशी नववीबद्दल बोलते. दहावीत वर्गसमीकरण सोडवताना अडणारा मुलगा खरं तर अवयव पाडताना अडलेला असतो, म्हणजे नववीच्या बहुपदीत आणि आठवीच्या अवयवांत. दहावीची समरूपता ज्यांना अवघड जाते त्यांची नववीची एकरूपता कच्ची असते. त्रिकोणमितीचंही तसंच. नववीत साइन, कोसाइन, टॅनची गुणोत्तरं नीट बसली असतील, तर दहावीत उन्नतकोनाचं उदाहरण आलं की मुलं घाबरत नाहीत. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरपासून ३० मीटर लांब उभं राहून माथ्याकडे पाहिलं आणि उन्नतकोन ६० अंशांचा झाला, तर टॉवर ३०√३ मीटर उंच, म्हणजे सुमारे ५२ मीटर. (पाहणाऱ्याची स्वतःची उंची इथे सोडून दिली आहे.) हे उदाहरण मी नववीतच देते आणि मुलं ते आवडीने सोडवतात. त्यामुळे ‘नववी कशीही गेली तरी चालेल, मार्कशीट दहावीचीच विचारतात’ हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता वही. बीजगणिताची वेगळी, भूमितीची वेगळी, दोन्ही दोनशे पानी. उजवीकडे पट्टीने रेघ मारून कच्च्या कामासाठी जागा ठेवायची. वजाबाकी, गुणाकार, अवयव शोधायची खटपट, सगळं तिथेच. बाकावर, तळहातावर किंवा वहीच्या शेवटच्या पानावर नाही. कारण साधं आहे. उत्तर चुकलं की मला त्याच पानावर शोधता आलं पाहिजे की पद्धत चुकली, की ४८ च्या जागी ८४ लिहिलं गेलं. या दोन चुकांचे उपाय वेगळे आहेत. पद्धत चुकली असेल तर मी पुन्हा शिकवते, आकडा उलटा पडला असेल तर तुम्ही सावकाश लिहायला शिकता. कच्चं काम खोडून टाकलेली देखणी वही पाहून मला काहीच कळत नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ मारा आणि खाली नव्याने लिहा. व्हाइटनर आणू नका.

आकृती पेन्सिलीनेच आणि पट्टी लावूनच. भूमितीच्या तासाला कंपासपेटी पूर्ण हवी : कर्कटक, कोनमापक, दोन्ही गुण्ये, पट्टी, टोक केलेली पेन्सिल. शेजाऱ्याचा कर्कटक मागून रचना होत नाही, दोघांचंही काम अर्धं राहतं. रचनेचे कंस पुसायचे नाहीत, हे वर्षभर पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मुलांना वाटतं पुसलं की आकृती स्वच्छ दिसेल. पण मंडळाच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेवरच सूचना असते की रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात आणि त्या पुसू नयेत. तपासणाऱ्याला तुमचा त्रिकोण पाहायचा असतोच, पण तो कसा काढला हे त्या खुणाच सांगतात.

गृहपाठाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात. माझ्या वर्गात गृहपाठ पूर्ण बरोबर असण्याची अट नाही, प्रत्येक उदाहरणाला हात लावल्याची अट आहे. समजा उदाहरण असं आहे : दोन क्रमागत नैसर्गिक संख्यांचा गुणाकार १५६ आहे, त्या संख्या शोधा. लहान संख्या क्ष मानली, मोठी क्ष अधिक १, समीकरण मांडलं आणि पुढे अवयव पडले नाहीत, तर तिथपर्यंतचं लिहा आणि खाली लिहा, ‘इथे अडलं’. मला हे पान गाईडमधून उतरवलेल्या पूर्ण उत्तरापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. ज्यांना अवयव पडले त्यांना १२ आणि उणे १३ अशा दोन किमती मिळतात. बरेच जण सरळ ‘१२ आणि १३’ लिहून मोकळे होतात. उणे १३ का सोडली ते लिहायचं असतं : संख्या नैसर्गिक आहे, म्हणून ऋण किंमत ग्राह्य नाही. ही एक ओळ लिहिणारं मूल उदाहरण समजून सोडवतं आहे, हे मला लगेच कळतं.

फोनवर फोटो काढला की उदाहरण सोडवून देणारी ॲप आता प्रत्येक घरात आहेत. बंदी घालून ती जाणार नाहीत. नियम एवढाच, की आधी स्वतः प्रयत्न करायचा, मग ताडून पाहायचं, आणि ॲपमधली पायरी वहीत आली तर ती फळ्यापाशी येऊन समजावून सांगता आली पाहिजे. नाही सांगता आली तर त्याच प्रकारचं दुसरं उदाहरण मी तिथेच सोडवायला देते.

आजारी पडलात, गावाला गेलात, किंवा जुलैच्या पावसात लोकल बंद पडून कळवा-मुंब्र्याकडची मुलं पोहोचू शकली नाहीत, तर त्या दिवसाचा गृहपाठ माफ. पण धडा माफ नाही. वर्गात प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला असतो. तोच त्या दिवशीची वही देतो. ती उतरवून मधल्या सुट्टीत मला येऊन भेटायचं. चाचणी बुडाली तर आठवडाभरात फेरचाचणी होते, वेगळ्या प्रश्नांची. त्यासाठी पालकांची चिठ्ठी लागते.

अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण पक्के, असं पालक गृहीत धरतात. त्यात गृहपाठाचं काम आणि बहुपर्यायी चाचणी धरली जाते, आणि ती नोंद वर्षभराची असते. फेब्रुवारीत वह्या पूर्ण करून आणल्या म्हणून जूनच्या नोंदी बदलता येत नाहीत. त्यासाठी आग्रह धरू नका, ही कळकळीची विनंती.

आता क्लासचा विषय. नौपाड्यापासून हिरानंदानीपर्यंत क्लासेसच्या पाट्या आहेत आणि माझ्या वर्गातली बरीच मुलं जातात. त्याला माझा विरोध नाही. दुपारची शाळा, संध्याकाळी क्लास, घरी यायला साडेनऊ, यात मूल स्वतः कधी बसून उदाहरण सोडवतं, एवढाच माझा प्रश्न असतो. सुट्टीतल्या बॅचमध्ये पहिले दोन धडे होऊन जातात आणि जूनमध्ये वर्गात सूर येतो, “बाई, हे आमचं झालंय.” मग मी फळ्यावर एक उदाहरण देते. झालेला धडा आणि आलेला धडा यातला फरक तिथे दिसतो. गणित कोणी कितीही छान समजावलं तरी हात आपलाच चालावा लागतो.

पद्धतीबद्दल विचाराल, तर योग्य आणि पूर्ण लिहिलेली कोणतीही पद्धत मी मान्य करते. मात्र प्रश्नात पद्धत सांगितली असेल तर तीच हवी. एकसामयिक समीकरणं क्रेमरच्या पद्धतीने सोडवा म्हटलं, की निश्चयक मांडायलाच हवेत. लोप करून उत्तर बरोबर आलं तरी विचारलेलं लिहिलं नाही, असंच म्हणावं लागतं. क्लासमधल्या झटपट युक्त्या बहुपर्यायी प्रश्नांत वापरा, चार गुणांच्या प्रश्नात पायऱ्या लिहा. आणि बहुपर्यायी प्रश्नांत एक लक्षात ठेवा, बोर्डात पहिलं लिहिलेलं उत्तरच तपासलं जातं. आधी ब लिहून, खोडून, पुन्हा क लिहिलं तर क चा उपयोग नाही. कॅल्क्युलेटर बोर्डात चालत नाही, म्हणून वर्गातही नाही. वीसपर्यंतचे पाढे आणि तीसपर्यंतचे वर्ग जूनमध्येच पाठ करून टाका.

प्रमेयांना मुलं फार घाबरतात आणि मग ती पाठ करतात. पाठ केलेल्या सिद्धतेत आकृतीची अक्षरं बदलली की सगळं कोसळतं. म्हणून माझ्याकडे प्रमेय चार भागांतच लिहायचं : पक्ष, साध्य, गरज असेल तर रचना, आणि सिद्धता. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण. आकृती नसेल तर ती सिद्धता मी तपासत नाही, कारण बोर्डाच्या सूचनेतही प्रमेयाच्या सिद्धतेला आकृती आवश्यक म्हटली आहे. कारणं लिहायची सवय लागली की पायथागोरस असो की आंतरलिखित कोन, मूल स्वतः रस्ता काढतं. हे घडताना पाहणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा आनंद आहे.

अर्थनियोजनाकडे मात्र हुशार मुलंही दुर्लक्ष करतात. दहावीत जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड आहेत. यात पालक सहज मदत करू शकतात. राम मारुती रोडवर खरेदी केली की बिल मुलाच्या हातात द्या. ५०० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के दराने कर किती, त्यात केंद्राचे ४५ आणि राज्याचे ४५ कसे, हे त्यालाच काढू द्या.

सीबीएसईतून आलेल्या मुलांच्या पालकांसाठी थोडं. तिथे दहावीला गणिताचा एकच ८० गुणांचा, तीन तासांचा पेपर असतो आणि स्टँडर्ड की बेसिक अशी निवड करता येते. आपल्याकडे सगळ्यांना एकच गणित. ही मुलं बीजगणितात लवकर रुळतात, भूमितीच्या मांडणीला त्यांना दिवाळीपर्यंतचा वेळ लागतो. तेवढा द्या.

चाचणीच्या उत्तरपत्रिका वर्गात हातात मिळतात. गुणांबद्दल शंका असेल तर विद्यार्थ्यानेच दोन दिवसांत येऊन विचारायचं, आईबाबांनी नाही. कोणत्या पायरीला गुण गेले ते मी दाखवते, माझ्याकडून बेरीज चुकली असेल तर तिथेच दुरुस्त करते. बोर्डाच्या निकालानंतरही गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. त्यावेळी काय मागायचं आणि का, हे कळायला स्वतःची उत्तरपत्रिका वाचायची सवय नववीपासूनच हवी.

ज्यांना गणित मनापासून आवडतं त्यांनी वर्गातल्या धड्यांवर थांबू नये. गणित ऑलिंपियाडचं देशातलं काम पाहणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आपल्याजवळ, मानखुर्दला आहे. ऑलिंपियाडचे जुने प्रश्न काढा, एकेका प्रश्नावर आठवडा गेला तरी जाऊ द्या आणि अडलं तर माझ्याकडे या. पुस्तकं घ्यायला उशीर होणार असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही भाग मोफत उतरवता येतात. पहिल्या तासाला भाग १ मधला ‘संच’ सुरू होईल, तेवढी पानं वाचून या.